नवी पिल्लं आणि जुनं खुराडं

दिवाळीत गावी (तालुका अंबड, जिल्हा जालना) गेलो, तेव्हा आईसाठी गिरिराजाची दहा पिल्लं नेली. साधारण पाच आठवड्यांची. आईकडे आधीपासून सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे, त्याचा हिशोब बाबांनीही विचारायचा नाही! म्हटलं, तेवढाच तिचा धंदा वाढेल.

आई म्हणाली, "थोडे दिवस येगळी ठेवू, डालग्याखाली." पण मी पडलो इंजिनिअर. "काही होत नाही गं, दोन दिवस भांडतील, मग होईल सवय." संध्याकाळी सगळी पिल्लं खुराड्यात कोंबली. सकाळी दार उघडलं तर दोन मेलेली, एकाचं डोकं रक्ताळलेलं, बाकीची कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. आई काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी टेस्टिंग न करता कोड थेट प्रॉडक्शनवर टाकणाऱ्याला आम्ही टीममध्ये सोलून काढतो. मी दुसरं काय केलं होतं?

मग (उशिरा का होईना) वाचायला बसलो. कोंबड्यांत उतरंड असते. कुणी कुणाला टोचायचं, दाण्यावर आधी कोण, सगळं ठरलेलं. श्येल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने लहानपणापासून कोंबड्या निरखून हे टिपलं आणि १९२२ साली छापलं. 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द तिथूनच आला. नवं कोणी आलं की उतरंड पुन्हा लागते. म्हणजे टोचाटोची होणारच. प्रश्न एवढाच की नवख्याला पळायला जागा आहे का? माझ्या बंद खुराड्यात नव्हती.

उरलेल्या आठांसाठी मग आईचंच ऐकलं. पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळी. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीकडूनही पिल्लांना रोग लागू शकतो, आणि राणीखेतची लस झालेली असली तरी बाकीचे रोग असतातच. नंतर अंगणात मधे जाळी, एकमेकांना बघता येईल पण चोच पोचणार नाही अशी. पिल्लं दहा-बारा आठवड्यांची झाली की जाळी काढायची, तीही दिवसा, घरात कोणी असताना. दाणे दोन-तीन ठिकाणी विखरून, पाण्याची भांडी दोन. भिंतीला तुराट्या टेकवून खाली फक्त पिल्लू शिरेल एवढी फट. रक्त दिसलं की ते पिल्लू लगेच बाजूला, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. आणि एकटं पिल्लू कधीच सोडायचं नाही, सगळी एकदम.

हे शेवटचं वाचलं आणि पुण्यातलं पहिलं वर्ष आठवलं. टीममध्ये मराठवाड्यातला मी एकटाच. माझ्या इंग्रजीची आणि 'हाव ना'ची रोज नक्कल व्हायची. सिनियर म्हणायचे, सगळेच यातून जातात, होईल सवय. झालीही. पण ती सवय म्हणजे काय, तर मी मीटिंगमध्ये तोंड उघडणं बंद केलं.

"होईल सवय" हे वाक्य नेहमी उतरंडीत वर बसलेलाच बोलतो. माझं स्पष्ट मत आहे की तो अनुभव नाही, शुद्ध आळस आहे. जाळी लावायला तीन आठवडे लागतात, एवढंच.

गंमत म्हणजे गिरिराजा गावरानपेक्षा वजनाने भारी होते. वर्षभरात ही आठ जणं अंगणात दादा होतील, आणि पुढच्या पिल्लांना टोचतील. कोंबड्यांचं ठीक आहे हो, त्यांना वाचता येत नाही.

काल आईचा फोन होता. जाळी काढली. "टोचत्यात, पण पिल्लं तुराट्यांखाली पळत्यात."

सोमवारी आमच्याकडे दोन फ्रेशर्स जॉईन होतायत. एक परतूरचा आहे म्हणे. जेवायला त्यांना सोबत नेणार आहे. निदान तुराट्या तरी उभ्या करू.