न उडविलेला बार

शिकार म्हटली कीं नेमबाजाचें कौतुक होतें. परंतु अमेरिकेंतील रानटी टर्कीच्या शिकारींत खरी परीक्षा बंदूक झाडण्याची नसून ती आवरून धरण्याची आहे. वसंत ऋतूंत शिकारी रानाच्या रंगाचे कपडे घालून, खांद्यांहून रुंद अशा बुंध्याशीं पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढून नरास जवळ बोलावतो. धोका येथेंच आहे. तोच आवाज ऐकून दुसरा शिकारीही त्या दिशेनें येत असतो! म्हणून केवळ आवाजावर अथवा हललेल्या झुडपावर बार उडविणें हा अक्षम्य अपराध होय. नराचें डोकें तांबडें, पांढरें व निळें असतें; सबब या रंगांचा रुमालदेखील जवळ बाळगूं नये, असा तेथील जाणत्यांचा दंडक आहे.

दुसरें बंधन पक्ष्याविषयींचें. त्याचीं पिसें दाट व पंखांचीं हाडें जाड. अंगावर छरे बसल्यास तो जखमी होऊन पळतो व झाडींत तडफडत मरतो. यास्तव डोकें व मान हेंच लक्ष्य. पिसारा फुलवून त्यानें मान आंखडली असतां थांबावें. ती उंचावली म्हणजेच चाप ओढावा. अंतर साधारणतः ४० वारांच्या आंत असावें; मागें माणूस वा दुसरा पक्षी नसावा.

बंदूक ज्यांच्या घरीं कधीं शिरली नाहीं, अशा आमच्या वाचकांनींही यांतून घेण्याजोगें कांहीं आहे. खात्री नसेल तेथें रिकाम्या हातानें परतणें, हा पराभव नव्हे.