डिस्क मरेपर्यंत थांबायचे का?

‘संगणक सुरू होतो ना? मग डिस्क खराब कशी?’ वाशिम जिल्ह्यातल्या एका कार्यालयात आम्ही स्वतः ऐकलेले हे वाक्य. डिस्क तपासणाऱ्या ‘बॅडब्लॉक्स’ प्रोग्रामने काढलेली खराब ब्लॉकांची यादी डिस्कच्या निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडली होती. तरी प्रस्ताव परत आला. शेरा : ‘वस्तू पूर्णतः नादुरुस्त असल्याचा दाखला जोडावा, त्याशिवाय निर्लेखन नाही.’ शेतकऱ्यांचे अर्ज ज्या डिस्कवर आहेत, ती पुरती बंद पडेपर्यंत वापरायची आणि बंद पडली की डेटा कुठे गेला म्हणून तंत्रज्ञाला धरायचे! रिसोड, मानोरा, मालेगावच्या वाचकांचीही या महिन्यातली पत्रे हेच सांगतात.

पुढे तर कहर झाला. फेरतपासणीच्या आधी कोणीतरी त्या डिस्कवर पूर्ण शून्ये लिहिली. बॅडब्लॉक्सने शून्य दोष दाखवले आणि साहेबांनी डिस्क ‘सुस्थितीत’ ठरवली. वाचता न येणाऱ्या, म्हणजे पेंडिंग, सेक्टरवर लिहायला गेले आणि लिहिणे जमले नाही, की डिस्क स्वतःच त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते, हे आपल्या तंत्रज्ञांना माहीत आहे. मग डिस्कचे आरोग्य दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये १९७ क्रमांकाचा (पेंडिंग सेक्टरांचा) आकडा उतरतो, ५ क्रमांकाचा (बदललेल्या सेक्टरांचा) चढतो. डिस्क बरी होत नाही, तिची शिल्लक संपत जाते. निर्लेखन समितीत हे समजणारा एक तरी माणूस नको का?

पण आपल्यातलेही काही जण कमी नाहीत. ग्राहकाचा डेटा न काढता बॅडब्लॉक्सचा ‘-डब्ल्यू’ पर्याय चालवणाऱ्याला माफी नाही. चार नमुने लिहून सगळे पुसणारी ती चाचणी आहे. निर्लेखित डिस्क भंगारात जाण्यापूर्वी ती जरूर चालवा, एरवी नाही. ‘-एन’ पर्याय सुरक्षित म्हणून यूपीएसशिवाय लावणारेही आहेत. त्यात मूळ मजकूर रॅममध्ये उचलून ठेवलेला असतो, नेहमीच्या सेटिंगला एका वेळी ६४ ब्लॉक. त्या क्षणी लाइट गेली की तेवढा मजकूर गेला, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी जाते ते कारंज्यापासून वाशिमपर्यंत कोणाला सांगायला नको. डिस्क कुरकुरू लागली की आधी डीडीरेस्क्यूने प्रत काढा. चाचणी नंतर, तीही डिस्क अनमाउंट करून.

आता काम. यापुढे प्रत्येक प्रस्तावाला बॅडब्लॉक्सची यादी आणि चाचणीच्या आधीचा व नंतरचा स्मार्टसीटीएल अहवाल, तारीख-वेळेसह, जोडा. तोंडी नकार घेऊ नका, शेरा लेखीच मागा. त्याची प्रत येत्या २५ तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. सहाही तालुक्यांतले शेरे एकत्र करून आम्ही ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देणार आहोत.