आधी खडकाचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मांजरा धरण कोरडे पडले होते. परंतु जमिनीखालचे धरण आपण आधीच उपसून बसलो होतो, याची खंत किती जणांना वाटली? मराठवाड्याचा काळा पाषाण पाणी साठवतो तो केवळ वरच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत. खोलवरची भेग एकदा रिती झाली की एका पावसाने भरत नाही. २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. पण खडकाचे ज्ञान नसता निर्बंध कागदावरच राहतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ते आकडे ग्रामसभेत वाचले जावेत आणि त्यांवरून उसाचे क्षेत्र ठरावे. शिल्लक न पाहता खर्च करणाऱ्याचे दिवाळे निघणारच!