ऑपेराचे 60 नॅनोसेकंद

प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकते का, हा विषय निघाला की 2011 सालची ती बातमी हटकून आठवली जाते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीखालून सुमारे 730 किलोमीटर अंतर कापून इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली पोहोचत. तिथल्या ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या मोजणीत ते प्रकाशाच्याही 60 नॅनोसेकंद आधी आल्याचे दिसले. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम 18 मीटर जातो. ‘आइन्स्टाइन चुकला’ असे मथळे झळकले, पुढे मोजणीतली चूक सापडली आणि त्या शास्त्रज्ञांची थट्टा सुरू झाली. ही थट्टा अन्यायाची होती.

आइन्स्टाइनला चूक ठरवण्याची घाई ऑपेराने केलीच नव्हती. त्यांनी कित्येक महिने स्वतःचीच चूक शोधली. ती सापडेना, तेव्हा आकडे उघड करून ‘तुम्ही तपासा’ असे इतरांना सांगितले. शंकेला जागाही भरपूर होती. 1987 साली दिसलेला ताऱ्याचा स्फोट सुमारे 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षांवरचा. त्याचे न्यूट्रिनो उजेडाच्या साधारण तीनच तास आधी आले, तेही गाभ्यातून थेट निसटले म्हणून. ऑपेराच्या हिशेबाने ते चार वर्षे आधी यायला हवे होते. त्यांची ऊर्जा फार कमी होती हे खरे, पण एवढ्याने कोडे सुटत नव्हते.

शिवाय ही वेगमर्यादा सहज ओलांडता येण्यासारखी नाही. वस्तुमान असलेल्या कणाला प्रकाशाच्या वेगापर्यंत न्यायलाच अमर्याद ऊर्जा लागते. संदेश प्रकाशाला मागे टाकू लागला, तर कोणा एका निरीक्षकाला तो निघण्याआधीच पोहोचलेला दिसेल. कारण आणि परिणाम यांचा क्रमच उलटेल. मुळातच प्रकाशापेक्षा वेगवान असलेले कण सापेक्षतेत बसू शकतात, अशी मांडणी आपल्या जॉर्ज सुदर्शन यांनी 1962 साली सहकाऱ्यांसह केली. असा कण आजवर कोणालाही सापडलेला नाही.

ऑपेराची मुख्य चूक निघाली ती जीपीएसची वेळ भूगर्भातल्या यंत्रणेला पुरवणाऱ्या फायबर केबलमध्ये. तिची जोडणी घट्ट बसली नव्हती. आत प्रकाश कमी पोहोचे, म्हणून संकेताची नोंद उशिरा होई. घड्याळ तेवढे मागे पडे आणि न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे वाटत. हा दोष ऑपेरानेच शोधला आणि 2012च्या फेब्रुवारीत स्वतः जाहीर केला. मार्चमध्ये शेजारच्या ‘इकारस’ प्रयोगानेही न्यूट्रिनो प्रकाशाला मागे टाकत नसल्याचे दाखवले. त्याच महिन्यात ऑपेराचे प्रवक्ते अंतोनियो एरेदितातो यांनी पद सोडले. गटातच त्यांच्याविषयी नाराजी होती. केबल आधी का तपासली नाही, हा जाब विचारणे रास्तच होते. पण आकडे जगापुढे ठेवले म्हणून त्यांना कोणी बोल लावू नये.