रंग डोळ्यांसाठी, शब्द हिशेबासाठी

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी, दारव्हा, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे याद्या तयार होऊ लागतात. बेवा भगिनी, यतीम मुले, अंथरुणाला खिळलेली माणसे, कर्जात अडकलेली घरे. पूर्वी ही यादी खजिनदाराच्या वहीत असायची. आता ती एक्सेलच्या फाईलमध्ये असते आणि मोहल्ल्यातली शिकलेली मुले-मुली ती सांभाळतात. ही चांगलीच गोष्ट आहे.

या फायलींमध्ये एक पद्धत आम्हाला सगळीकडे दिसते. ज्या घरी मदत पोहोचली त्या नावाला हिरवा रंग, ज्याची चौकशी बाकी त्याला पिवळा, ज्याचे नाव दोनदा आले त्याला लाल. यादी सुंदर दिसते. मग चांदरातीच्या आधी कुणीतरी विचारते, "हिरवे किती झाले?" आणि सगळे पडद्यावर बोट ठेवून मोजायला बसतात. समजा यादीत २४० नावे आहेत. एकाच्या मोजणीत १६३ येतात, दुसऱ्याच्या १६५. हा फरक दोन आकड्यांचा नाही, दोन घरांचा आहे. फित्रा ईदच्या नमाजआधी पोहोचला पाहिजे. या दोन घरी तो पोहोचला की नाही, हे रंगाच्या गर्दीत कुणालाच सांगता येत नाही.

एक्सेल स्वतः का मोजत नाही? कारण साधे आहे. एक्सेलचे सूत्र खान्यात काय लिहिले आहे ते वाचते. खान्याला बाहेरून कोणता रंग दिला आहे, ते त्याला दिसत नाही. 'काऊंटइफ' हे मोजणीचे सूत्र "ज्या खान्यात 'मिळाले' लिहिले आहे ते मोज" एवढे ऐकते. "हिरवे मोज" म्हटले तर 'हिरवे' हा शब्द शोधत बसते. रंग म्हणजे भिंतीला दिलेला चुना. घरात किती माणसे राहतात हे चुन्यावरून कळत नाही.

तरीही रंगवलेली यादी हातात आलीच असेल, तर मार्ग आहे. आधी 'डेटा'मध्ये जाऊन 'फिल्टर' लावा. मथळ्याजवळ छोटा बाण येतो. ज्या रकान्याला रंग दिला आहे त्याच्या बाणावर टिचकी मारून 'फिल्टर बाय कलर' निवडा आणि हिरवा रंग घ्या. आता फक्त हिरव्या ओळी दिसतील. ही सोय एक्सेल २००७ पासून आहे. गुगल शीट्समध्येही आहे. यादीच्या वर एक रिकामा खाना ठेवून त्यात 'सबटोटल' हे सूत्र लिहा: कंसात आधी १०३ हा आकडा, मग स्वल्पविराम, मग नावांचा रकाना पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. सूत्र आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. १०३ चा अर्थ असा, की लपलेल्या ओळी सोडून, समोर दिसणारे भरलेले खाने मोज. रंग बदलून पिवळा निवडला की आकडा आपोआप बदलतो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. सूत्र यादीच्या आतल्या ओळीत लिहू नका, नाहीतर फिल्टर लावताच तेही लपेल. आणि मोजणी नावांच्या रकान्यावर करा. रिकामा खाना रंगवलेला असला तरी हे सूत्र तो मोजत नाही. शिवाय एकाने गडद हिरवा आणि दुसऱ्याने फिका हिरवा वापरला असेल, तर एक्सेलच्या लेखी ते दोन वेगळे रंग आहेत.

काही हुशार मुले यासाठी मॅक्रो लिहितात, म्हणजे एक्सेलला छोटा कार्यक्रम शिकवतात. तो रंग मोजतो खरा, पण रंग बदलल्यावर आकडा आपोआप बदलेलच असे नाही. खान्यातला मजकूर बदलला तर एक्सेल पुन्हा हिशेब करते. नुसता रंग बदलला तर त्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. जुना आकडा तसाच ठाण मांडून बसतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

रंगावर किती विसंबावे, याचा धडा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे: शिधापत्रिका. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. पिवळी दारिद्र्यरेषेखालच्यांची, केशरी वर्षाला १५ हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांची, पांढरी त्यावरच्यांची. तेव्हा रंग पाहिला की हक्क कळायचा. पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि रंगाचा अर्थ फुटला. आज आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एकाच गल्लीत तीन केशरी कार्डे असू शकतात. एक प्राधान्य कुटुंबाचे, ज्याला माणशी पाच किलो धान्य मिळते. दुसरे शेतकऱ्याचे, आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते, २०२३ मध्ये त्याऐवजी खात्यात रोख रक्कम देण्याचे ठरले. तिसऱ्याला यातले काहीच नाही. रंग तिघांचा एक, ताटातले अन्न वेगवेगळे. पिवळ्याचेही तेच: पिवळे कार्ड अंत्योदयचे असेल तर घराला ३५ किलो धान्य, नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणून मदतीच्या यादीत 'केशरी' एवढेच लिहून किंवा रंगवून भागत नाही. कार्डावरचा शिक्का कोणता, हे शब्दांत लिहावे लागते. नाहीतर सर्वांत गरजू घर "त्यांना तर रेशन मिळते" म्हणून यादीतून गळते.

मग करायचे काय? यादीत एक रकाना वाढवा, त्याला 'स्थिती' म्हणा. त्यात फक्त तीन शब्द: मिळाले, चौकशी, दुबार. शब्द प्रत्येकाने आपल्या मनाने लिहू नयेत म्हणून 'डेटा व्हॅलिडेशन' वापरून यादीतूनच निवडण्याची सोय करा. आता 'काऊंटइफ' क्षणात मोजेल. रंग हवाच असेल तर 'कंडिशनल फॉर्मॅटिंग' लावा: 'मिळाले' निवडले की खाना आपोआप हिरवा होईल. रंग शब्दाच्या मागे चालला पाहिजे. शेजारी तारखेचा आणि पोहोचवणाऱ्याच्या नावाचा रकानाही असू द्या.

याचे फायदे चांदरातीलाच कळतात. झेरॉक्समध्ये हिरवा आणि लाल दोन्ही राखाडी होतात, शब्द तसेच राहतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे, त्यातही पुरुष, आपल्या कल्पनेपेक्षा बरीच असतात. तेही यादी वाचू शकतात. फाईल 'सीएसव्ही' प्रकारात साठवली की रंग उडून जातात, शब्द टिकतात. आमच्या शाळांतल्या शिष्यवृत्तीच्या याद्यांनाही हेच लागू आहे. अर्ज भरलेल्या मुलींची नावे नुसती रंगवली आणि फाईल पुढे जाताना रंग गेला, तर कोणाचा अर्ज राहिला हे शेवटच्या तारखेनंतरच कळते.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाजाबद्दल किंवा रोजाबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका आणि साक्षीदार ठेवा, ही तिची शिकवण. कारण आठवण पुसट होते, माणसे बदलतात, शंका उभ्या राहतात. बैतुलमालचा पैसा तर अमानत आहे. देणाऱ्याने विचारले, "माझी जकात कुठे गेली?" तर "हिरव्या रंगात गेली" हे उत्तर होऊ शकत नाही.

तेव्हा या वर्षी शाबानमध्येच मोहल्ल्याची जुनी फाईल उघडा. फिल्टर लावून प्रत्येक रंग एकेकदा मोजा आणि त्याच्याशेजारी त्याचा शब्द लिहून टाका. २४० नावांना एक संध्याकाळ पुरते. हे काम घरातल्या दहावी-बारावीच्या मुलीकडे सोपवा. तिला एक्सेल येईल, आणि आपल्या शेजारी कोण उपाशी आहे हेही कळेल.