वाडा पडतो, खांब लिलावात जातात

पुण्या-नाशकातला जुना वाडा पाडला की दगडमाती डंपरमध्ये जाते. पण सागवानी सुरूचे खांब, महिरपी, गणेशपट्टी कुठे जातात? बऱ्याचदा पाडकामाच्या ठेक्यातच सगळं लाकूड धरलेलं असतं. घनफुटाच्या भावाने उचललेला खांब मुंबईच्या चोरबाजारात नाहीतर एखाद्या लिलावात ‘अँटिक’ होतो आणि शेवटी कुणाच्या तरी फार्महाऊसवर उभा राहतो.

वाडामालकाला शिव्या घालून उपयोग नाही. भाऊबंदकी, भाडेकरूंचं तुटपुंजं भाडं, गळकं छप्पर. तो तरी किती ओढणार?

कायदा आहे. १९७२च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, ती विकणाऱ्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. पण वस्तू कुठल्या वाड्यातली हेच कुठे लिहिलेलं नसेल, तर माग काढायचा कसा?

दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले, म्हणून ते आज आपल्याला बघता येतात. एका माणसाला हे जमलं. महापालिकेने निदान एवढं करावं: पाडकामाच्या परवानगीआधी कोरीव कामाचे फोटो आणि मोजमापं घ्यावीत, आणि योग्य भाव देऊन ते आधी स्थानिक संग्रहालयासाठी मागावं. मालकाचं नुकसान नाही, गावाचा ठेवा गावात.

तोवर आपण काय करायचं? गल्लीतला वाडा पडणार असेल तर मालकाला विचारून खांब, तुळया, दरवाजे यांचे फोटो काढा, पत्ता आणि तारीख लिहून ठेवा. लिलावाच्या कॅटलॉगात ‘महाराष्ट्र, १९वं शतक’ एवढंच छापून येईल. पेठ कुठली, हे आपल्यालाच सांगावं लागेल.