राष्ट्रपती निवडणुकीत व्हिप नसतो

मा. संपादक,


‘राष्ट्रपती निवडताना आपल्या जिल्ह्याला विचारतो कोण?’ हा लेख वाचला. विधान परिषदेचे आमदार आणि नियुक्त खासदार या निवडणुकीत मत देतच नाहीत. मतदार असतात ते विधानसभेचे व संसदेचे निवडून आलेले सदस्य. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ (१९७१ च्या लोकसंख्येवरून) आणि खासदाराच्या मताचे ७०० होते. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे १२ आमदार व २ खासदार मिळून ३५००. हे वजन नगण्य कसे?

‘पक्षादेश मोडला की आमदारकी गेली’ हे तर साफ चूक. येथे व्हिप लागू नाही, मतदान गुप्त असते. निवडणूक आयोगाने दिलेल्याच पेनने नावांपुढे १, २ असे पसंतीक्रम लिहायचे. दुसरे पेन वापरले तर मत बाद. व्हिप नसल्यानेच १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले.

सरपंच आपण थेट निवडतो, मग राष्ट्रपती का नाही, असे लेखक विचारतात. सरपंच गावचा कारभार हाकतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. थेट निवडणूक घेतली तर दिल्लीत सत्तेची दोन केंद्रे उभी राहतील. या अडचणीचे उत्तर लेखात नाही. चुकांची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, संगमनेर
(जि. अहिल्यानगर)